मयत मालकाच्या नावावरची बाइक माझ्या नावावर होईपर्यंत: माझा अनुभव

गाडी २०१६ची, १२५ सीसी, चालू स्थितीत. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, पहिल्या मालकाचं नाव. मी ती घेतली मधल्या एका गृहस्थांकडून, आणि त्यांनी ती कधी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. त्यांच्याकडे मूळ आरसी कार्ड होतं आणि पहिल्या मालकाने सह्या करून दिलेला टीटीओ, म्हणजे मालकी बदलाचा फॉर्म: फॉर्म २९ आणि ३०. बाकी रकाने कोरे. 'तुमचं नाव टाका, जमा करा' एवढ्यावर असे व्यवहार होतात. इथे अडचण दोन ठिकाणी होती. पहिले मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून तसाच होता.

माणूस गेला त्या दिवशी सही केलेल्या कोऱ्या फॉर्मची किंमत संपते. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर आहे आणि मयत माणूस खबर देऊ शकत नाही. एका एजंटाने मागची तारीख टाकून फॉर्म भरायचं सुचवलं होतं. ते कृपा करून कोणी करू नका. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, आणि उद्या वारसांपैकी कुणी हरकत घेतली तर प्रकरण खोट्या दस्तऐवजाचं होतं. मग गाडी नावावर असूनही उपयोग नाही.

कायद्याचा रस्ता लांब असला तरी सरळ आहे: आधी गाडी वारसाच्या नावावर, मग वारसाकडून माझ्या नावावर. मधल्या गृहस्थांचं नाव सरकारदरबारी कुठेच नाही, त्यामुळे ते या साखळीत येतच नाहीत. त्यांच्याशी माझा संबंध पैशांपुरता. निम्मी रक्कम नाव लागेपर्यंत हातात ठेवली आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घेतली. त्या वेळेआधीचे ई-चलान त्यांचे, नंतरचे माझे.

काम सुरू झालं आणि गाडी घरी उभी केली. कारण विमा. मालकाच्या मृत्यूनंतर जुनी पॉलिसी फार तर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत चालते, यातलं जे आधी येईल ते. इथे मृत्यूनंतरही दोन वेळा मयताच्याच नावाने ऑनलाइन पॉलिसी काढलेली होती. कागद हातात असतो म्हणून निर्धास्त राहू नका. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदीतला मालक आणि पॉलिसीधारक एकच असेल, तरच मिळतं. सेकंडहँड गाडी नावावर न करता चालवणाऱ्याच्या घरच्यांना त्यातला एक रुपयाही मिळत नाही. गाडी चोरीला गेली तर स्वतःच्या नुकसानीचा दावा तुमचा नाही, आणि पोलिसांनी मुद्देमालात जमा केली तर सुपूर्दनाम्यावर (गाडी परत ताब्यात घेताना द्यायच्या हमीपत्रावर) सोडवायलाही नोंदीतला मालकच लागतो.

पहिल्या मालकांच्या पत्नी, काकू, सुरुवातीला म्हणाल्या, 'आम्ही गाडी केव्हाच विकली, आता आमचा काय संबंध?' हा प्रश्न बहुतेक घरांत येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: गाडी पुढे कितीही हात बदलली असली तरी नोंद ज्याची, भरपाईची जबाबदारी त्याची. रस्त्यावर काही घडलं असतं तर नोटीस त्याच घरी आली असती. हे समजल्यावर काकूंनी आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी पुढचं सगळं मनापासून केलं.

मृत्यूनंतरच्या नोंदीचा अर्ज फॉर्म ३१ वर असतो. नियमाप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत हा अर्ज करायचा. आम्हाला उशीर झालेला, त्यामुळे दंड भरावा लागला. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, काकूंचं आधार आणि पॅन, वारसांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि मुलांचं संमतीपत्र. संमतीपत्रात गाडीचा नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर तिन्ही लिहा. नुसता गाडीचा नंबर लिहिलेलं आमचं पहिलं पत्र परत आलं. दुसरी ठेच नावाची: आरसीवर आद्याक्षरं आणि आडनाव, दाखल्यावर पूर्ण नाव. ही एकच व्यक्ती असल्याचं वाक्य प्रतिज्ञापत्रात आधीच घातलं तर एक खेप वाचते.

बोजा उतरवण्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. कर्ज फिटलं होतं, कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळाली होती, पण ती कुणी आरटीओत दिलीच नाही. अशा एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. नवी मागायला कर्जखात्याचा नंबर लागतो. तो काकूंना मालकांच्या बँक पासबुकात जुन्या हप्त्यांच्या नोंदीशेजारी सापडला. अर्ज वारसाने करायचा, मृत्यूचा दाखला जोडून. कंपनीकडून एनओसी आणि शिक्का मारलेला फॉर्म ३५ (बोजा संपल्याची सूचना) दोन प्रतींत घ्या, आणि शिक्क्याखाली सही करणाऱ्याचं नाव वाचता येतं का ते तिथेच पाहा. आमच्याकडे बोजा उतरवणं आणि वारसाची नोंद हे दोन्ही अर्ज एकत्र घेतले.

ऑनलाइन अर्जाला आणखी एक अडथळा होता. ओटीपी मयताच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. म्हणून 'वाहन' या सरकारी पोर्टलवर आधी मोबाइल नंबर बदलावा लागतो. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत अचूक भरावी लागते. १७ अंकी चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. 'ओ' दिसला तर ते शून्य, 'आय' वाटला तर तो एक.

अर्जाला जोडायचा चासी नंबरचा छाप घेताना घाई करू नका. बहुतेक बाइकचा चासी नंबर हँडलच्या मानेवर, उजव्या बाजूला कोरलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, वरच्या केबली बाजूला घ्या आणि रॉकेलच्या फडक्याने मळ काढा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. अंक झिजले की गाडीवरच संशय येतो. मऊ पेन्सिल अंकांवरून आडवी घासायची, रुंद सेलोटेप अंगठ्याने दाबून चिकटवायची, एका झटक्यात उचलायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. आमच्या पहिल्या छापात शेवटचा अंक केबलच्या क्लिपखाली राहिला होता. तीन-चार छाप घ्या आणि सगळ्यात स्वच्छ तो जोडा.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून एचएसआरपी, म्हणजे नव्या सुरक्षित नंबरपाटीशिवाय फाइल पुढे जात नव्हती. टू व्हीलरला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. पीयूसी ताजं लागतं, आणि थकलेली चलानं आधी भरावी लागतात. काकूंच्या नावाने नवी थर्ड पार्टी पॉलिसी काढली. ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये अधिक जीएसटी. विमा कंपनीने वारसाचे कागद पाहून ती दिली.

काकूंच्या नावाचं आरसी आल्यावर दुसरा टप्पा सोपा होता. फॉर्म २९, फॉर्म ३०, दोघांचं आधार, दोघांच्या मोबाइलवर ओटीपी. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, ही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० ची मुदत या वेळी पाळता आली. दुचाकीची ट्रान्सफर फी नोंदणी फीच्या निम्मी, १५० रुपये. स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे पैसे वेगळे. कार्ड पोस्टाने माझ्या पत्त्यावर आलं, त्याआधीच एम परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नाव बदललेलं दिसलं. त्याचा स्क्रीनशॉट काकूंना पाठवला आणि मधल्या गृहस्थांची उरलेली रक्कम दिली.

नाव लागलं म्हणजे विमाही आपोआप झाला, असं अनेकांना वाटतं. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीबरोबर येतो, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचंच असतं, आणि वैयक्तिक अपघात संरक्षण त्याशिवाय सुरू होत नाही. मी नवं आरसी, जुनी पॉलिसी आणि अर्ज शाखेत दिला, हे संरक्षण वेगळं घेतलं आणि बदलाची नोंद असलेला कागद हातात आल्यावर गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली.