दहा मणी, एक चित्र

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा मैदान, स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल असे बरेच काही मनात होते. पण शाळा म्हटले की मला सगळ्यात आधी आठवते ते पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा झिजलेले एक चित्र. म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

मी सातवीत होतो. मधल्या सुट्टीत आम्ही काही मुले चॅपलमध्ये रोझरीला, म्हणजे मरियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, जमत असू. प्रार्थना सांगायचे काम माझ्याकडे होते आणि मी ती भराभर उरकत असे. दर मण्याला ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना, पण एक पुरती संपायच्या आत दुसरी सुरू. रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला चिंतनाचा एक प्रसंग, दर रहस्याला दहा मणी. घंटा व्हायच्या आत पाचही रहस्ये संपली की मला समाधान वाटे. एका सोमवारी आमच्या सिस्टर शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझ्या हातातली माळ अलगद धरली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आज आनंदाची पाच रहस्यं नकोत. एकच घेऊ. तिसरं, प्रभूचा जन्म. आणि बाळा, डोळे मिटायचे नाहीत.” मग त्यांनी ते चित्र वेदीच्या पायरीवर टेकवून ठेवले.

चित्र होते गीर्टखेन तोत सिंट यान्स या डच चित्रकाराचे, साधारण १४९० सालचे. सगळा अंधार. मध्ये गव्हाण, गव्हाणीत उघडे बाळ, आणि उजेड त्या बाळाचाच. दिवा नाही, कंदील नाही. मरियेच्या चेहऱ्यावर तो उजेड खालून पडलेला, जणू ती निखाऱ्यावर वाकली आहे. पलीकडे लहानग्या देवदूतांचे चेहरे उजळलेले, बैल आणि गाढव अंधारातून पुढे झुकलेले. मागे, जवळजवळ काळोखात, योसेफ. आणि दूर टेकडीवर मेंढपाळांची शेकोटी, वर आकाशात तेजस्वी देवदूत.

सिस्टरांचा नियम सोपा होता. एका मण्याला चित्रातली एकच जागा. तोंडाने ‘नमो मारिया’ चालू ठेवायची, नजर त्या जागेवरून हलवायची नाही. आणि ‘येशू’ हे नाव आले की क्षणभर थांबून मनात म्हणायचे, ‘बेथलेहेमात जन्मलेला’. पहिल्या दिवशी तिसऱ्या मण्यालाच माझी नजर पळू लागली. पाचव्या मण्याला बैल आला आणि मी तिथे रमलो. नंतर विचारले, तर सिस्टर म्हणाल्या की लूकच्या शुभवर्तमानात बैल नाही आणि गाढवही नाही. तिथे एवढेच आहे की बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. ही दोन जनावरे बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आली. बैल धन्याला ओळखतो, गाढव धन्याचे ठाण ओळखते, माझे लोक मात्र ओळखत नाहीत, असे प्रभू तिथे म्हणतो. त्यानंतर तो बैल मला नुसते जनावर राहिला नाही.

उजेडाची गोष्टही त्यांनीच सांगितली. स्वीडनच्या संत ब्रिजिटा १३७२ मध्ये बेथलेहेमला गेल्या होत्या. तिथे त्यांना झालेल्या दर्शनात बाळाचे तेज इतके होते की योसेफाच्या हातची मेणबत्ती फिकी पडली. पुढच्या कितीतरी चित्रकारांनी तेच तेज रंगवले.

सिस्टरांची ही काही स्वतःची युक्ती नव्हती, हे मला फार उशिरा कळले. येशूच्या नावापाशी रहस्याचे दोन शब्द जोडण्याची रीत जुनीच आहे. चिंतनाविना रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर, असे पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये लिहून ठेवले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या ऑक्टोबरमध्ये रोझरीवर पत्र लिहिले, त्यात प्रकाशाची पाच रहस्ये जोडली आणि रहस्य सांगताना त्याचे चित्र समोर ठेवावे असेही सुचवले. ते वाचताना मला चॅपलमधली ती पायरी दिसली.

पुढे मी या रहस्यासाठी बरीच चित्रे वापरून पाहिली. इटलीतल्या पादुआच्या चॅपलमध्ये जोत्तो या चित्रकाराने सुमारे १३०५ मध्ये काढलेली मरिया आडवी पडून बाळाच्या डोळ्यांत थेट बघते. त्या नजरेवर माझे चार मणी सहज जातात. ह्यूगो व्हान डेर गूसच्या मोठ्या वेदीचित्रात बाळ चक्क उघड्या जमिनीवर आहे आणि पुढ्यात गव्हाची पेंढी. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, आणि मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, भाकरही तीच, हे त्या पेंढीकडे बघत माळ ओढताना मला उमगले. बोत्तिचेल्लीचे १५०० सालचे चित्र सुंदर आहे, पण वर फेर धरलेले बारा देवदूत आणि खाली एवढी गर्दी, त्यात माझी प्रार्थना विखुरते. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांना मी सांगेन, माणसे कमी असलेले चित्र घ्या आणि निदान महिनाभर ते बदलू नका.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मी एकदा गीर्टखेनचे मूळ चित्र पाहिले. उंची जेमतेम ३४ सेंटिमीटर. आपल्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढे. खिशात हात घालून मी तिथेच दहा मणी मोजले.

माझी मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी एकटा होतो, माळ घरी राहिलेली. बोटांवर मोजू लागलो. चित्र समोर नव्हते, तरी सगळ्या जागा पाठ होत्या. बाळ, मरियेचा चेहरा, तिचे हात, देवदूत, बैल, गाढव. सातवे बोट योसेफाचे. लहानपणी मी त्याच्यावरून पटकन पुढे जात असे. त्या रात्री तिथून हलताच येईना. तेवढ्यात परिचारिका आली आणि म्हणाली, बाळाला बघून घ्या.

खोलीत अंधार होता. काचेच्या पेटीवर एक दिवा होता आणि त्याखाली ती, माझ्या पंजाहून थोडी मोठी. उरलेल्या तीन ‘नमो मारिया’ मी तिथेच उभ्याने म्हटल्या.