न्यूपोर्टची सहल आणि अण्णांचं बोलणं

ऱ्होड आयलंडमधल्या आमच्या मराठी मंडळाची पानगळीच्या दिवसांतली सहल न्यूपोर्टलाच जायची, हे ठरलेलं. बसमध्ये अध्यक्षांचं मनोगत, नव्या सभासदांची ओळख, हिशोबाचा कागद हे सगळं होतं आणि संपतं. मी वाट बघते ती ट्रिनिटी चर्चसमोरच्या क्वीन ॲन चौकात अण्णा बोलायला उभे राहण्याची.

अण्णा सुताराच्या घरातले, सावंतवाडीकडचे. १७२६ मध्ये रिचर्ड मंडेने ही पांढरी लाकडी इमारत उभारली, एवढं ते भराभर सांगतात आणि १७६२ वर येऊन थांबतात. माणसं मावेनात, म्हणून चर्च चक्क मधोमध कापलं, मागचा अर्धा भाग मागे सरकवला आणि मध्ये दोन नवे खण घातले! “आपल्याकडं जागा पुरली नाही तर पडवी काढतात. ह्यांनी घरच दुभागलं. आता सांधा शोधून दाखवा बघू!” मुलं आत धावतात. दारं असलेली बाकं, मधल्या वाटेतच उभं असलेलं तीन मजली व्यासपीठ, तत्त्वज्ञ बिशप बर्कलीने १७३३ मध्ये पाठवलेल्या ऑर्गनची आठवण, वॉशिंग्टन बसायचे ते ८१ नंबरचं बाक. सगळं बघून होतं, सांधा काही सापडत नाही.

मग अण्णा आवारात नेतात. स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या मदतीला आलेल्या फ्रेंच आरमाराचे प्रमुख द तेर्ने डिसेंबर १७८० मध्ये न्यूपोर्टमध्येच वारले. ते कॅथलिक, हे चर्च इंग्लंडच्या पंथातलं, पुढे एपिस्कोपल झालेलं. तरी त्यांना इथेच पुरलं. “परमुलखात गेलेल्या माणसाला ह्यांनी आपल्या अंगणात जागा दिली,” असं अण्णा म्हणतात आणि पुढे त्यांना बोलवत नाही. आम्हा देश सोडून आलेल्यांच्या घशातही आवंढा येतो. मला तर दर वर्षी येतो.

म्हणूनच वाईट वाटतं. दिवाळीला हॉल पुरत नाही, आणि इथे निम्मी मंडळी बसमधून उतरली की थेट व्हँडरबिल्टांचा ‘ब्रेकर्स’ बघायला निघतात. तो १८९५ चा महाल दुपारीही बघता येतो. अण्णा मात्र आता ऐंशीच्या पुढे आहेत.

बस ठरवणारे काका, पहाटे उठून पुऱ्या लाटणाऱ्या तिघी जावा, मसालेभाताचं पातेलं मांडीवर धरून आणणारा त्यांचा भाचा, मुलं मोजणाऱ्या ताई, औषधांची पिशवी सांभाळणाऱ्या डॉक्टर वहिनी, फोटो काढणारा आणि म्हणून एकाही फोटोत नसलेला दादा, आम्हाला हसतमुखाने आत घेणाऱ्या चर्चच्या स्वयंसेवक आजी, ह्या सगळ्यांशिवाय सहल झालीच नसती. आणि अण्णांसाठी घडीची खुर्ची आठवणीने आणणारी त्यांची नात. गेल्या वर्षी आभारात तिचं नाव राहून गेलं होतं. ह्या वर्षी सगळ्यांत आधी तिचंच घ्यायला मी अध्यक्षांना सांगून ठेवलंय.