फ्लॉवरचा गोळाभात : या हंगामातील नोंदी

तांदळाऐवजी फ्लॉवरचा किस वापरून केलेला फोडणीचा ‘भात’ आता हातखंडा झाला असल्याने या हिवाळ्यात सारा भर गोळाभातावर, म्हणजे बेसनाचे गोळे घालून केलेल्या वैदर्भीय भातावर दिला, कारण नागपुरात राहून भाताला पर्याय शोधायचा आणि त्यातून गोळाभातच वगळायचा, हे पटण्यासारखे नाही. अडचण मात्र मुळातच आहे. तांदळातील स्टार्च शिजताना पाणी शोषून फुगतो आणि वर ठेवलेले बेसनाचे गोळे त्याच वाफेवर शिजतात. फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असते व स्टार्च नाममात्र, त्यामुळे तो पाणी घेत नाही, उलट सोडतो. गोळ्यांच्या पोटातील कच्चेपणा जायला पंधरा मिनिटे तरी लागतात आणि तेवढ्या वेळात झाकणाखालच्या फ्लॉवरचा गिच्च लगदा होऊन त्यातील गंधकयुक्त घटकांचा उग्र दर्प घरभर पसरतो.

म्हणून गोळे आणि ‘भात’ यांची चूल वेगळी केली. जाडसर बेसनात तिखट, हळद, जिरे, मीठ आणि तेलाचे सढळ मोहन घालून, पाण्याचा जेमतेम हात लावून वळलेले गोळे इडलीपात्रात वाफवून घेतले. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की गोळा झाला.

फ्लॉवरचे खरे काम आदल्या रात्रीचे आहे. कॉटन मार्केटमधून आणलेला घट्ट, पांढरा गड्डा तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात ठेवावाच लागतो (अळ्यांच्या बाबतीत कोणत्याही भाजीवाल्याच्या शब्दावर विसंबू नये), पण तसाच ओला किसला तर पुढे काही खरे नाही. तुरे रात्रभर पंचावर पसरून ठेवले आणि सकाळी जाड किसणीवर किसले. मिक्सरमध्ये थोडेथोडे घालून चालू-बंद केले तरी तळाशी पीठ होतेच. किस पंचात घट्ट पिळला, पसरट लोखंडी कढईत मोठ्या आचेवर झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे परतला आणि मीठ अगदी शेवटी घातले, कारण मीठ आधी पडले की कणाकणातून पाणी सुटते. कण बोटांत दाबल्यावर किंचित कचकन तुटला पाहिजे. त्या क्षणी कढई उतरवावी.

पानात गोळा कुस्करून त्यावर हिंग, मोहरी आणि सुक्या मिरचीच्या फोडणीचे कडकडीत तेल घातले. गोळ्यातील तेल-तिखट भातात मुरते, ती चव इथे येत नाही, म्हणून फोडणी नेहमीपेक्षा सढळ हवी. लिंबू आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आहेच. कढी मात्र बाजूला वाटीत घ्यावी. वर ओतल्यास फ्लॉवर ती धरत नाही आणि पानभर पसरते.

साखरेचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तेवढ्याच कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे ५ ग्रॅम, परंतु कोरड्या बेसनात ती शंभर ग्रॅमला ५८ च्या घरात जातात. त्यामुळे माणशी दोन लहान गोळेच धरले आहेत.

उन्हाळ्यात गड्डे सैल व पिवळट येऊ लागतात. त्याआधी वडाभात करून पाहायचा आहे. वडे तळूनच घ्यायचे असल्याने तिथे वाफेचा प्रश्न उद्भवणार नाही.