टेटरबरोची एक फेरी: बिझनेस जेटवाल्यांच्या स्थानिक सभेला जाणाऱ्यांसाठी

टेटरबरो हा मॅनहॅटनजवळचा, न्यू जर्सीतला खासगी जेट विमानांचा विमानतळ. ही विमानं वापरणाऱ्यांचा स्थानिक गट इथे विमानतळ चालवणाऱ्यांबरोबर सभा घेतो, तिथे जाण्याची ही तयारी. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘टेटरबरो एअरपोर्ट’ सांगू नका. या विमानतळाला प्रवासी टर्मिनल नाही, त्यामुळे गाडी तुम्हाला कुठल्या तरी कुंपणाशी सोडून निघून जाईल. इथे वेगवेगळ्या एफबीओंच्या इमारती आहेत. एफबीओ म्हणजे खासगी विमानांना पार्किंग, इंधन, हँगर आणि पायलटांना बसायला जागा देणारी कंपनी. सिग्नेचर, जेट एव्हिएशन, अटलांटिक अशी नावं दिसतील. एकट्या सिग्नेचरच्याच इथे एकाहून जास्त इमारती आहेत, त्याही धावपट्ट्यांच्या वेगवेगळ्या बाजूंना. चुकीच्या दारात उतरलात तर मधून चालत जाता येत नाही, बाहेरच्या रस्त्याने पूर्ण वळसा पडतो. सभेच्या सूचनेत इमारतीचं नाव आणि रस्त्याचा पत्ता असतो. तोच पत्ता गाडीच्या ॲपमध्ये टाका.

मॅनहॅटनपासून टेटरबरो १२ मैल. गर्दी नसेल तर गाडीने अर्धा तास, सकाळी-संध्याकाळी त्याच्या दुप्पट वेळ धरा. हडसन नदी ओलांडताना टोल फक्त न्यूयॉर्ककडे येताना लागतो, तेव्हा खर्च परतीच्या फेरीत धरायचा. ट्रेनने जायचं तर न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून सिकॉकस जंक्शनला उतरा, तिथे खालच्या मजल्यावर पास्कॅक व्हॅली लाइन पकडा आणि वूड-रिजनंतर टेटरबरोला उतरा. ही लाइन म्हणजे आपली लोकल नव्हे. गेलेल्या गाडीनंतर पुढची लगेच येत नाही, म्हणून जाण्याबरोबरच येण्याची वेळही आधी लिहून ठेवा. तिकीट चढण्याआधीच काढा. स्टेशनपासून विमानतळ नकाशावर हाकेच्या अंतरावर वाटतो, पण मध्ये हायवे आहेत आणि फुटपाथ भरवशाचा नाही. शेवटच्या टप्प्याला गाडीच करा.

त्या हायवेंपैकी रूट ४६ जरा नीट बघून घ्या. २ फेब्रुवारी २००५ रोजी इथल्या ६ नंबरच्या धावपट्टीवरून निघालेलं एक चॅलेंजर ६०० जेट उडालंच नाही. ते कुंपण तोडून हा रस्ता ओलांडून गेलं, वाटेत एका मोटारीवर आदळलं आणि पलीकडच्या कपड्यांच्या गोदामात घुसलं. माणसं जखमी झाली, पण कोणी दगावलं नाही. विमानाचा भार इतका पुढे गेला होता की नाक उचलायलाच तयार नव्हतं. त्यानंतर धावपट्टीच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचा थर बसवला. विमान त्यात रुततं आणि थांबतं. १ ऑक्टोबर २०१० रोजी घसरत आलेलं एक गल्फस्ट्रीम जेट त्याच थरात अडकून थांबलं. स्थानिक सभेत धावपट्टीच्या कामाचे आराखडे, बंद टॅक्सीवे (विमानं धावपट्टीकडे नेणारे रस्ते) आणि तारखा यांची इतकी चर्चा का होते, ते या रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कळतं.

आता ज्यासाठी जायचं ती गोष्ट. अमेरिकेत बिझनेस एव्हिएशनची राष्ट्रीय संघटना म्हणजे वॉशिंग्टनची एनबीएए, १९४७ पासूनची. कायदे, कर, अमेरिकी संसद ही तिची कामं. पण टेटरबरोच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या आवारात, संध्याकाळी सहा वाजता जागा का मिळत नाही, हे वॉशिंग्टनला सांगून उपयोग नाही. त्यासाठी स्थानिक गट आहेत. इथला टेटरबरो युझर्स ग्रुप, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘टग’, वेस्टचेस्टरचा वेगळा, मॉरिसटाउनचा वेगळा. कंपन्यांचे फ्लाइट डिपार्टमेंट, चार्टरवाले, एफबीओ, इंधन आणि देखभाल करणारे हे सभासद, आणि समोर बसतात विमानतळ चालवणारी न्यूयॉर्क-न्यू जर्सीची पोर्ट ऑथॉरिटी आणि कंट्रोल टॉवरची माणसं. पोर्ट ऑथॉरिटीने हा विमानतळ १९४९ मध्ये फ्रेड वेहरन यांच्याकडून विकत घेतला. सभेतल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर देणारा माणूस त्याच खोलीत असतो. एवढी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि ती वाया घालवणारे सभासद मात्र भरपूर असतात. येतात, कार्ड वाटतात, सँडविच खातात आणि जातात.

सभेला कार्ड चालेल, पण कागद हवाच. एकच पान. समजा, तुमच्या विमानाला निघायला उशीर झाला. ‘टेटरबरोला फार वेळ लागतो हो’ असं म्हणालात तर सगळे मान हलवतील आणि पुढचा विषय घेतील. त्याऐवजी असा कागद आणा: तारीख १४, विमानाचा नंबर, धावपट्टी २४, दक्षिणेकडे व्हाइट या हवाई नकाशावरच्या बिंदूवरून जाणारा मार्ग, २१४० झुलूला इंजिन सुरू, ईडीसीटी दोनदा बदलला, २३०५ झुलूला उड्डाण, मधला निरोप कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आला, आणि शेवटी तुमची नेमकी मागणी. ईडीसीटी म्हणजे कंट्रोलने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, ठरवून दिलेली उड्डाणाची वेळ. ती पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे पाळावी लागते, चुकली तर नवी मागावी लागते. वेळा झुलूतच, म्हणजे विमानवाल्यांच्या जागतिक वेळेतच (यूटीसी), लिहा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क झुलूच्या चार तास मागे आणि हिवाळ्यात पाच तास मागे असतं, आणि निम्मी भांडणं याच तासाभराच्या घोळातून होतात. टॉवरवाला आपलं रेकॉर्ड त्या मिनिटावर उघडून बघू शकतो. ‘परवा संध्याकाळी’ हे कुठल्याही रेकॉर्डमध्ये सापडत नाही.

आणखी एक खबरदारी. प्रश्न ठरवून दिलेली उंची मोडल्याचा किंवा क्लिअरन्स (कंट्रोलने दिलेली परवानगी) चुकल्याचा असेल तर सभेत बोलण्याआधी नासाच्या एएसआरएस या सुरक्षा-अहवाल यंत्रणेला अहवाल पाठवलेला असू द्या. घटनेपासून १० दिवसांच्या आत पाठवला आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, तर लायसन्सवरच्या शिक्षेपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. सभेत आपली चूक उघड सांगणारा सभासद सोन्यासारखा असतो, पण त्याने आधी स्वतःची बाजू सांभाळलेली बरी.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सभेत सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘रूडी’. २४ नंबरवरून निघण्याचा हा ठरलेला मार्ग. त्यात वेंट्झ हा बिंदू १५०० फुटांवर ओलांडायचा आणि तो ओलांडल्यावरच २००० ला चढायचं. कागदावर अगदी सोपं. पण डोक्यावरून, सुमारे १००० फूट वर, न्यूअर्कला उतरणारी मोठी विमानं आडवी जात असतात. रिकामं, कमी इंधनाचं जेट मिनिटाला तीन-चार हजार फूट चढतं, म्हणजे १५०० यायला अर्धा मिनिटही पुरतो. त्याच अर्ध्या मिनिटात चाकं वर घ्यायची, पंखांवरचे फ्लॅप्स आवरायचे, फ्रिक्वेन्सी बदलायची आणि वळायचंही. पायलटने ऑल्टिट्यूड सिलेक्टरमध्ये (कुठल्या उंचीवर थांबायचं ते ऑटोपायलटला सांगणारं बटण) वरची २००० टाकून ठेवली असेल आणि मधली १५०० संगणकावर सोडली असेल, तर व्हीनॅव्ह, म्हणजे संगणकाची उंची सांभाळणारी सोय, वेळेत जोडलं गेलं नाही की विमान सरळ २००० कडे निघतं. उपायही साधा आहे. सिलेक्टरमध्ये १५००, वेंट्झ ओलांडल्यावर दुसऱ्या पायलटने मोठ्याने सांगायचं, आणि मगच २०००. टेकऑफनंतर पॉवर लवकर कमी करायची आणि चढण्याचा वेग हजाराच्या आसपास आणायचा. फ्रिक्वेन्सी बदलायला पाच सेकंद उशीर झाला तरी चालेल.

याच ठिकाणी आवाजाचा प्रश्न येऊन जुळतो, आणि नव्या सभासदाला हे सहसा लक्षात येत नाही. २४ वरून निघताना आवाजाची मर्यादा दिवसा ९० डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत ८० डेसिबल आहे. बाकीच्या धावपट्ट्यांवर ९५. मोजणारी यंत्रं घरांच्या मधोमध बसवलेली आहेत. इतर विमानतळांवर आवाज कमी करायचा तर पटकन उंच चढा असं सांगतात. इथे न्यूअर्कमुळे चढताच येत नाही, १५०० फुटांवर घरांच्या डोक्यावरून जावं लागतं. तेव्हा पॉवर कमी करणं हा एकच मार्ग उरतो, आणि तोच उंची मोडण्यावरचाही उपाय आहे. मर्यादा वारंवार ओलांडली तर ते विमान टेटरबरोला आणायला बंदी येऊ शकते. रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणं टाळायची विनंती आहे. ती ऐच्छिक आहे, पण तिला हलकं समजू नका. ऐच्छिक गोष्ट सभासदांनी पाळली नाही की शेजारची गावं ती सक्तीची करायची मागणी घेऊन येतात. या सभांमध्ये शेड्युलरने, म्हणजे उड्डाणांच्या वेळा ठरवणाऱ्याने, हजर असणं पायलटइतकंच महत्त्वाचं आहे. साहेबांचं जेवण लांबलं म्हणून पावणेअकराचं उड्डाण साडेअकरावर ढकलणारी व्यक्ती कॉकपिटमध्ये नसते, ऑफिसात फोनवर असते.

दुसरा वारंवार येणारा विषय ६ वरचं इन्स्ट्रुमेंट अॅप्रोच घेऊन, म्हणजे ६ नंबरच्या धावपट्टीकडे उपकरणांच्या आधारे येऊन, शेवटी वळून १ नंबरवर उतरणं. वायव्येचा जोराचा वारा असला की हेच मिळतं. वळण टॉर्बी या बिंदूपाशी सुरू करायचं असतं. १५ मे २०१७ रोजी फिलाडेल्फियाहून आलेल्या लिअरजेट ३५ने ते फार उशिरा, धावपट्टी जवळ आल्यावर सुरू केलं. विमान कोसळलं, दोघेही पायलट गेले. त्या अपघाताचा अहवाल सभेआधी वाचून जा, निम्मी चर्चा त्यातल्या शब्दांत चालते. ‘टॉर्बी’ म्हणजे काय असं विचारत बसलात तर अर्धी सभा निघून जाईल.

एक अडचण मोठ्या सामन्यांची. मेटलाइफ स्टेडियम इथून जवळच आहे. २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलसाठी (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) आणि १९ जुलै २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी निवडलेलं मैदान ते हेच. अशा वेळी पार्किंगसाठी आधी आरक्षण, उड्डाणासाठी वेळेचं आरक्षण आणि मैदानावरच्या हवाई बंदीची सूचना, असे तीन वेगळे कागद लागतात. त्यातला एक असला की बाकीचे आपोआप मिळाले असं समजणारे लोक दर वेळी फसतात. एफबीओने जागा दिली म्हणजे कंट्रोलने वेळ दिली असं होत नाही. आरक्षणाचे नियम छापील स्वरूपात येण्याआधी सभेत तोंडी सांगितले जातात, तेव्हा अशा हंगामात एकही सभा चुकवू नका.

सामील व्हायचं म्हणजे काय करायचं? पहिल्या दोन सभा नुसत्या ऐका. तिसऱ्या सभेत एखादं छोटं, संपणारं काम मागून घ्या: नव्या पायलटांसाठी रूडीचं एक पानी टिपण, रॅम्पवर पेटत नसलेल्या दिव्यांची यादी, शाळेतल्या मुलांना हँगर दाखवायचा एक दिवस. ‘सुरक्षा समितीत काम करायला आवडेल’ असं म्हणणाऱ्याला कोणी काम देत नाही, कारण ते कुठून सुरू होतं हे सांगणाऱ्यालाच माहीत नसतं. कंपनीने दोन माणसं पाठवावीत, एक कॉकपिटमधला आणि एक ऑफिसातला. चीफ पायलट एकटाच आला तर तो पुढच्या महिन्यात उड्डाणावर असतो आणि कंपनीची खुर्ची रिकामी राहते.

एडिसन, जर्सी सिटीकडे राहणाऱ्या आणि विमान देखभाल किंवा डिस्पॅच (उड्डाणांची आखणी) शिकणाऱ्या मराठी मुलांनी तर हे जरूर करावं. सभासद कंपन्यांचे देखभाल प्रमुख इथे समोर भेटतात. पत्रिका देण्यापेक्षा ‘तुमच्या हँगरमध्ये कुठली विमानं आहेत, त्यांचं कुठलं इन्स्पेक्शन चालू आहे’ हे विचारा. उत्तर पंधरा मिनिटं चालतं आणि शेवटी नंबर त्यांच्याकडूनच मिळतो. भारतातून जाणाऱ्यांनी बी-१ (व्यावसायिक भेटीचा) व्हिसा असेल तर सभेचं निमंत्रण छापून जवळ ठेवा. रॅम्प बघायचा असेल तर पासपोर्टची मूळ प्रतच हवी, फोनमधला फोटो गेटवर चालत नाही. आपल्याकडे बिझनेस जेटवाल्यांचे प्रश्न मांडण्याचं काम दिल्लीची बीएओए ही त्यांची संघटना करते. मुंबईच्या रनवे स्लॉटचा किंवा पार्किंगचा प्रश्न तिच्याकडे नेताना वरचा एक पानी कागद जसाच्या तसा उपयोगी पडेल.

रॅम्पवर गेलात तर पिवळं जाकीट अंगावर, मोबाइल खिशात, आणि फोटो काढण्याआधी विचारा. शेपटीवरचा नंबर फोटोत आला तर मालक नाराज होतात. उभ्या असलेल्या गल्फस्ट्रीम जी६५०कडे बघताना एक गंमत लक्षात ठेवा. टेटरबरोची वजनमर्यादा १,००,००० पौंड आहे, आणि या विमानाचं जास्तीत जास्त टेकऑफ वजन ९९,६०० पौंड.

सभा संपल्यावर वेळ उरला तर विमानतळालाच लागून असलेलं न्यू जर्सीचं एव्हिएशन म्युझियम बघा. रस्त्याचं नाव फ्रेड वेहरन ड्राइव्ह, म्हणजे विमानतळ विकणाऱ्या त्याच माणसाचं. उघडण्याचे दिवस आधी तपासून घ्या. परतताना गाडी म्युझियमच्या दारातच बोलवा, आणि पास्कॅक व्हॅलीची वेळ हुकली असेल तर स्टेशनवर ताटकळत बसण्यापेक्षा थेट सिकॉकसपर्यंत गाडीने जा. तिथून न्यूयॉर्ककडे गाड्या दिवसभर मिळतात.