मिरजगावचा अर्ज

आमची शाळा कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यापासून थोडी आत. पावसाचा भरवसा नसलेला पट्टा. मुलांच्या घरी ज्वारी, तूर, पाणी असेल तिथे ऊस, आणि बहुतेकांच्या घरी सोसायटीचं कर्ज. अशा वर्गाला १८७५ चा दख्खनचा उठाव शिकवणं खरं तर सोपं जायला हवं. पण आठवीच्या पुस्तकात तो चार ओळींत उरकलाय. सावकारांच्या जाचाला कंटाळून पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे, म्हणजे कर्जाचे लेखी करार जाळले, पुढचा मुद्दा. मुलं ते 'कारणे द्या'साठी घोकतात आणि विसरतात.

यंदा म्हटलं, बघू तरी फुकटात काय मिळतंय. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲप उघडलं, तर पुस्तकातलीच वाक्यं, मागे संगीत. यूट्यूबवर 'इतिहास' शोधलं की तलवारी आणि ढोलताशे आधी येतात. शेतकरी, वह्या, व्याज यांना तिथे फारसा वाव नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं, तर अर्ध्या तासात स्वाध्यायांच्या उत्तरांच्या पाच पीडीएफ आल्या. उत्तरांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

हाती लागलं ते भलत्याच ठिकाणी. एनसीईआरटी ही शालेय पुस्तकं काढणारी केंद्र सरकारची संस्था; तिची सगळी पुस्तकं तिच्या साइटवर मोफत आहेत. त्यातलं बारावीच्या इतिहासाचं पुस्तक आपल्या बोर्डाचा शिक्षक सहसा उघडत नाही. त्यात या उठावावर मोठा भाग आहे, आणि मधे चौकटींमध्ये मूळ कागदांचे उतारे: अधिकाऱ्याचं पत्र, वर्तमानपत्रातली बातमी, रयतेचा अर्ज. उठावानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आणि जुनी जिल्हा गॅझेटिअर्स (इंग्रजांनी काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ) इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ग्रंथालयाच्या साइटवर मिळतात. नगरचा खंड १८८४ चा, पुण्याचा १८८५ चा. एक सांगून ठेवतो. तिथे आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हात हलवत परत याल. पुण्याला 'पूना', सुप्याला 'सुपा', शिरूरला 'सिरूर' असं जुन्या साहेबी वळणाने टाइप करावं लागतं. आणि हे सगळं इंग्रजीत. एनसीईआरटीचं हिंदी पुस्तक आहे, मराठी नाही. तीन उतारे निवडले आणि रात्री बसून मराठीत उतरवून काढले.

ऐन तासाला लाइट गेली. त्यामुळे स्मार्ट टीव्हीवर दाखवायचं ते राहिलं आणि झेरॉक्स कामी आल्या. हे बरंच झालं, कारण पडद्यावरचं पोरं बघतात, हातातला कागद वाचतात.

पहिला कागद पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटचा, १६ मे १८७५ चा. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे रोजी उठाव झाला, त्यानंतर तो तिथे पोचला. लिहितो, सावकाराचं एक घर जळालंय, डझनभर घरं फोडून रिकामी केलीत. खातेवह्या, रोखे, धान्य, कापड रस्त्यात जाळलंय आणि राखेचे ढीग अजून दिसतायत. पन्नास जण पकडले. मग आकडा: नुकसान अंदाजे २५,००० रुपयांवर, सावकार मात्र म्हणतात एक लाखावर.

मी विचारलं, "एवढा फरक का पडला असेल?" मला वाटलं होतं, इथे थोडं समजवावं लागेल. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, पंचनाम्यात असंच असतंय." वर्ग हसला. परतीच्या पावसानं तूर गेली होती, तलाठी नुकताच बांधावर येऊन गेला होता. आपण एकराचं सांगतो, ते गुंठ्याचं लिहितात, हे त्या पोरांना मी शिकवायची गरज नव्हती. ज्याचं गेलंय तो जास्त सांगणार, ज्याला भरून द्यायचंय तो कमी लिहिणार. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा यावर डी.एड.ला आम्हाला एक अख्खा धडा होता. त्या दिवशी तो एका वाक्यात झाला.

दुसरा कागद वर्तमानपत्रातला, पटकन वाचून झाला. गावाच्या शिवेवर पहारे बसवायचे, सरकारी माणूस दिसला की खबर द्यायची, तोवर सगळ्यांनी मिळून सावकाराच्या दारात जाऊन रोखे मागायचे, साहेब आला की पांगायचं. पोरांना हा प्रकार फारच आवडला. तिथे मुद्दाम थांबवून सांगितलं की आयोगानेच लिहून ठेवलंय, लोकांचा डोळा कागदांवर होता. कागद मुकाट्याने हाती दिले तर बहुधा पुढे काही होत नसे. हे सांगणं भाग होतं. त्या वेळचे सावकार बरेचसे मारवाडी आणि गुजर, आणि माझ्या वर्गात त्या आडनावांचीही मुलं आहेत.

तिसरा कागद मी एका मुलीला उभं राहून वाचायला दिला. वरची ओळ तिने वाचली आणि थांबली. "मिरजगाव, तालुका कर्जत." वर्गातली निम्मी पोरं मिरजगावच्या बाजाराला जातात. कुणी तरी म्हणालं, "आपलं मिरजगाव?" म्हटलं, "दुसरं कुठलं? वाच पुढं."

मिरजगावच्या एका रयतेने नगरच्या कलेक्टरला केलेला तो अर्ज आहे, आयोगापुढे गेलेला. माझ्या मराठीत तो असा होता: "अलीकडे सावकार आम्हांस फार जाच करू लागले आहेत. घरखर्चापुरतेही मिळत नाही, म्हणून पैसा, कापड, धान्य यांसाठी त्यांच्याच पाया पडावे लागते. तेही कडक अटी लिहून घेतल्याशिवाय देत नाहीत. रोखीने घेणाऱ्यास जो भाव, त्याहून आम्हांस शेकडा पंचवीस ते पन्नास जास्त लावतात. शेतातला माल घेऊन जातात, खात्यास जमा करू म्हणतात, पण वहीत लिहीत नाहीत. नेलेल्या मालाची पावतीही देत नाहीत."

पावतीपाशी खरी ठिणगी पडली. एक मुलगा उठला, "सर, आजपण तसंच आहे. खताची गोणी रोखीनं एक भाव, उधारीनं एक." त्याच्या पलीकडच्या बाकावरच्या मुलीच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. ती उसळली. "उधारी बुडती त्याचं काय? माझे पप्पा दोन दोन वर्षं मागत फिरत्यात. आणि आम्ही पावती देतो." मग दहा मिनिटं माझा तास माझा राहिला नाही. एकाने तिला "सावकारीण" म्हटलं, तेव्हा त्याला खाली बसवलं. बाकी मधे पडलो नाही, कारण तिचा मुद्दा कागदाला धरून होता: व्याज आणि जोखीम एक गोष्ट, नेलेला माल वहीत न लिहिणं दुसरी. अर्जदाराची तक्रार दोन्हींची होती, आणि ती तिने वेगवेगळी केली. १८७९ मध्ये दख्खन कृषक मदत कायदा आला, त्यात सावकाराने पावती आणि हिशेब देणं बंधनकारक केलं होतं. हे मी तेव्हाच फळ्यावर लिहिलं. एरवी त्या कायद्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग फळ्यावर एक गणित मांडलं. १८५९ चा मुदतीचा कायदा होता शेतकऱ्याच्या भल्यासाठी: कर्जरोखा तीन वर्षंच चालेल, म्हणजे व्याज फार साचणार नाही. सावकारांनी काय केलं, दर तीन वर्षांनी जुनी बाकी व्याजासकट मुद्दल धरून नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा शंभर रुपये, दर साल दर शेकडा चोवीस. तीन वर्षांनी १७२ चा रोखा. सहा वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे. नऊ वर्षांनी जवळपास ५०९. सरळव्याजाने हेच ३१६ झाले असते. फरक पोरांनीच काढला. गणिताच्या मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना वाटलं मी त्यांचा तास घेतोय.

शेवटी वर्गाला आयोग केलं. दोष कुणाचा, एका ओळीत लिहा. मधल्या काळात कापसाचं सांगून झालं होतं. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या, इथे कर्ज मागेल त्याला मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच नव्या जमाबंदीत सारा, म्हणजे सरकारचा जमिनीवरचा कर, पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवलेला. त्यामुळे चिठ्ठ्या आल्या त्या मिसळीच्या: काहींत सावकार, बऱ्याच चिठ्ठ्यांत सारा, एकीत अमेरिका. "शेतकऱ्यानं एवढं कर्ज काढायलाच नको होतं" असंही एकीत होतं; ती चिठ्ठी कृषी केंद्रवालीची असावी असा सगळ्यांचा समज झाला, पण अक्षर वेगळं होतं.

मग खरा निष्कर्ष सांगितला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला, आणि त्यात सरकारच्या साऱ्याला उठावाचं कारण मानलेलं नाही. दोष सावकारांवर. पंचनाम्याचं बोललेला तोच पोरगा म्हणाला, "आयोग नेमला कुणी होता?"

"सरकारनंच."

"मग बरोबर आहे."

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, हे परीक्षेला येतं का. येत नाही. पण घटक चाचणीत मी त्या २५,००० आणि एक लाखावर प्रश्न टाकला, आणि उत्तरपत्रिका तपासताना पहिल्यांदाच एकसारखी उत्तरं आली नाहीत. आता नववीच्या मुलांसाठी गॅझेटिअरमधली कर्जत तालुक्याची पानं काढायला घेतलीत. पाऊस, बाजाराचे दिवस, पिकं, सगळं आहे. स्कॅन फिकट आहेत आणि इंग्रजी जुनाट. दिवसाला दीड-दोन पानांच्या पुढे मराठी होत नाही.