राजेंद्रनगरच्या मंडळींसाठी मॅस्टोडॉन बसवताना

इंदूरला राजेंद्रनगरातल्या आम्हा काही मराठी घरांसाठी मॅस्टोडॉन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं. हे ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण ज्याला हवं तो आपल्या सर्व्हरवर चालवतो आणि हे सर्व्हर एकमेकांशी पोस्टची देवाणघेवाण करतात. आधी घरच्याच डेस्कटॉपवर करायचा बेत होता. पण घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी नव्हता. एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असला की राउटरवर ८० आणि ४४३ पोर्ट (वेबसाइटची दारं) उघडूनही बाहेरचं कुणी आत पोचत नाही. म्हणून व्हीपीएस, म्हणजे कंपनीकडचा आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला: २ कोर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. वर २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा, नाहीतर असेट्स (पानांच्या फाइली) कंपाइल होताना मेमरी संपते आणि स्क्रीनवर नुसतं ‘किल्ड’ दिसतं.

डोमेनचं नाव मात्र घरात बसून, सगळ्यांना विचारून पक्कं करा. ते नंतर बदलता येत नाही. प्रत्येक खात्याची, पोस्टवर डिजिटल सही करायची किल्ली आपल्या डेटाबेसात असते आणि बाहेरचे सर्व्हर ती त्या नावासकट लक्षात ठेवतात. डेटाबेस पुसून त्याच नावावर नव्याने बसवलं की सह्या जुळत नाहीत, पोस्ट नाकारल्या जातात. त्यामुळे सराव वेगळ्या सबडोमेनवर करावा.

पोस्टग्रेस, रेडिस, रूबी, नोड हे मॅस्टोडॉनला लागणारं सगळं सॉफ्टवेअर अधिकृत सूचनांप्रमाणे सरळ बसतं. खरा वेळ मेलने खाल्ला. सेटअपच्या वेळचा चाचणी मेल आला, पण नव्या सभासदांना खातं पक्कं करायचा मेल जाईना. चाचणी मेल थेट जातो. बाकीचे साइडकिकच्या (मागे राहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रांगेतून जातात, आणि साइडकिकची सेवा सुरूच नव्हती. ती बंद असली तर आपली पोस्ट आपल्याला दिसते, बाहेर मात्र जात नाही, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. बरेच व्हीपीएसवाले मेल पाठवायचं पोर्ट २५ बंद ठेवतात. ५८७ वरून मेल-सेवेमार्फत पाठवा आणि डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम (मेल खरंच आपल्या डोमेनचा असल्याची खूण पटवणाऱ्या नोंदी) लावा, नाहीतर मेल स्पॅममध्ये पडतो.

मग फोनवरचे फोटो चढेनात: ४१३ एरर, म्हणजे फाइल फार मोठी. एन्जिनएक्स या वेब-सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी असते. मॅस्टोडॉनसोबत एन्जिनएक्सची तयार कॉन्फिग फाइल येते, तीच घ्यावी. हाताने लिहू नये. हाताने लिहिताना आमची स्ट्रीमिंगची (नव्या पोस्ट आपोआप पानावर आणणाऱ्या सेवेची), म्हणजे पोर्ट ४००० ची, ‘अपग्रेड’ हेडरची ओळही राहिली होती. पान उघडायचं, पण नवी पोस्ट लगेच दिसायची नाही.

एक गोष्ट ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा: युजरनेम रोमन अक्षरांतच घ्यावं लागतं, दाखवायचं नाव देवनागरीत चालतं.

डिस्क आपल्या फोटोंनी भरत नाही, बाहेरून आलेल्या फोटोंच्या प्रतींनी भरते. अ‍ॅडमिनमध्ये मीडिया कॅशची, म्हणजे या प्रतींची, मुदत ७ दिवस ठेवली. रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), एन्व्ह फाइल (सेटिंग्जची फाइल) आणि आपल्या लोकांनी चढवलेले फोटो दुसऱ्या जागी जातात. एन्व्ह फाइल विसरू नका: तिच्यातल्या गुप्त किल्ल्यांशिवाय नुसता डंप अर्धवट ठरतो.