अख्खी बोट आम्ही बुक केलीय

बालीचं आता कोणाला काही वाटत नाही. ठाण्यात एका सोसायटीत विचाराल तर चार घरं तरी उबुदच्या झोक्यावर फोटो काढून आलेली निघतील, त्यामुळे गेली काही वर्षं आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात लोक येऊन बसले की पहिलं वाक्य हेच की बाली झालंय मॅडम, दुसरं काय आहे? मग मी लाबुआन बाजो काढते. आमचं ऑफिस नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, एक टेबल तिकिटांचं, एक व्हिसाचं आणि तिसरं माझं, म्हणजे जे नेहमीचं नाही ते सगळं माझ्याकडे.

तर लाबुआन बाजो म्हणजे फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाचं बंदराचं गाव. बालीहून तास-सव्वा तासाचं विमान. तिथे पिनिसी नावाच्या लाकडी शिडाच्या बोटी असतात, दोन डोलकाठ्या, रुंद डेक, खाली एसी केबिन, कॅप्टन, इंजिनवाला, कुक, खलाशी सगळे बोटीवरच, आणि आपण तीन दिवस दोन रात्री तिथेच राहायचं, रोज एका बेटाजवळ नांगर टाकायचा, छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं, परत यायचं, जेवायचं, झोपायचं. पादार बेटाचा डोंगर पहाटे चढायचा, गुलाबी वाळूचा बीच, मांता मासे, आणि कोमोडो नाहीतर रिंचा बेटावर ते तीन-तीन मीटर लांबीचे ड्रॅगन. हे सगळं कोमोडो नॅशनल पार्कात येतं, ते पार्क १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि इंडोनेशियाच्या ५०,००० च्या नोटेवर पण त्याचंच चित्र आहे. या बोटी बांधायची कला दक्षिण सुलावेसीची, तिलाही २०१७ मध्ये युनेस्कोने मान दिला. हे सगळं सांगून झालं की मी एक वाक्य आवर्जून सांगते, शिडं फोटोपुरती उभारतात, बाकी काम इंजिन करतं. रील बघून येणाऱ्यांना हे आवडत नाही, पण नंतर बोटीवरून फोन येण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

मागच्या एका ख्रिसमसच्या सुट्टीतली गोष्ट. क्लायंट वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं काम करणारे, राहायला आता घोडबंदरच्या टॉवरमध्ये पण मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले, मी त्यांना दादा म्हणते. ते, बायको, दोन मुलं, बहीण, मेहुणे, त्यांची मुलं, आणि आईवडील. वडिलांना सगळे नाना म्हणतात, पोर्ट ट्रस्टमध्ये टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, सारंग होते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. आई म्हणजे नानी. पूर्ण बोट प्रायव्हेट घेतली होती. मार्गशीर्ष नुकताच संपलेला, त्यामुळे नानींचा माझ्याकडे एकच प्रश्न होता, बोटीवर मासे ताजे मिळतील ना आणि आमचा मसाला नेला तर चालेल ना. मेहुण्यांना ड्रोन उडवायचा होता, तर पार्कात त्याचं वेगळं परमिट लागतं, ते पण काढून दिलं.

आता डिसेंबर ते मार्च हा तिकडचा पावसाळा. वारा पश्चिमेचा, वायव्येचा, आणि हवामान बिघडलं की हार्बरमास्टर, म्हणजे तिकडचा शाहबंदर, टूरिस्ट बोटींना परवानगी देणं थांबवतो. कोटेशनमध्ये हे मी ठळक करून लिहिते, तोंडानेही सांगते. दादा म्हणाले होते हो हो, कळलं, पण शाळेला सुट्टी तेव्हाच ना मॅडम. त्यांचंही बरोबर आहे, सुट्ट्या काय हवामान बघून लागत नाहीत.

तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. त्यामुळे पहिला मेसेज आला तेव्हा माझ्या गॅसवर डब्याची भाजी होती. तिकडची आमची कोऑर्डिनेटर, फ्लोरेसचीच मुलगी, तिने नोटीसचा फोटो पाठवला, आज कोणतीही टूरिस्ट बोट सुटणार नाही, पुढचं कळवू. मी अजून वाचतेय तोवर दादांचा फोन. ते सगळे बोटीवर चढलेले, वेलकम ड्रिंक झालेलं, बॅगा केबिनमध्ये लागलेल्या, आणि बोट काही हलत नाही.

मी डबा तसाच बंद केला, रिक्षा पकडली, आणि नितीन कंपनीच्या सिग्नलला व्हिडिओ कॉल घेतला. दादा डेकवरून कॅमेरा फिरवून दाखवत होते. मॅडम समुद्र बघा, आपल्या खाडीला पण याच्यापेक्षा जास्त लाटा असतात, ऊन पडलंय, आणि हा माणूस म्हणतो जाता येणार नाही. आणि खरंच, बघायला पाणी अगदी सपाट होतं. तीच तर गंमत आहे त्या बंदराची, समोर बेटं आडवी उभी आहेत त्यामुळे आत काहीच कळत नाही, जे काही चाललेलं असतं ते पलीकडे, पादार आणि कोमोडोच्या मधल्या खिंडीत. पॅसिफिकचं पाणी त्या बेटांच्या फटींतून हिंदी महासागरात जातं, त्यात भरती-ओहोटी, त्यामुळे तिथे करंट शांत दिवशीसुद्धा जबरदस्त असतो. हे मी रिक्षात ओरडून सांगत होते आणि शेजारचा बाईकवाला माझ्याकडे बघत होता.

दादांचं म्हणणं साधं होतं. अख्खी बोट आम्ही बुक केलीय, पैसे पूर्ण भरलेत, मग कधी निघायचं ते आम्ही ठरवणार. तुम्ही कॅप्टनला सांगा. मी म्हटलं दादा, तो माझा नोकर नाही आणि तुमचाही नाही, परमिटशिवाय त्याने नांगर उचलला तर त्याचं लायसन्स जाईल. एखाद्या हॉटेलवाल्याला आपण दोन शब्द जास्त बोलून रूम बदलून घेतो, मी पण घेते, ते माझं कामच आहे. पण इथे कोणाशी भांडणार.

ऑफिसात पोचून कॉम्प्युटर चालू करते तोवर नवीन प्रकार. मेहुणे जेट्टीवर जाऊन एक माणूस शोधून आले होते. स्पीडबोट, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरून सुटणार, रोख पैसे, कागद बिगद काही नाही, दोन तासांत पादार. मेहुणे एकदम खूश, आणि दादा मला विचारतायत की यात जायला काय हरकत आहे, इन्शुरन्स तर काढलाय ना तुम्ही. मला खरंच घाम फुटला. मी म्हटलं, बोट सुटताना बंदराच्या ऑफिसात नावांची यादी जाते, पासपोर्ट नंबरसकट, त्या यादीवर परमिट मिळतं. यादीच नसेल तर तुम्ही समुद्रात आहात हे कोणालाच माहीत नसणार, शोधायला कोण येणार? आणि बंदर बंद असताना गेलात तर क्लेमवाले पहिला प्रश्न काय विचारतील? दोन लहान मुलं आहेत बरोबर. दादा गप्प झाले, पण पटलेलं नव्हतं, मागून मेहुणे बोलतच होते की घाबरवतायत, यांना रिफंड द्यायचा नाही म्हणून.

तेवढ्यात फोन नानांनी घेतला. त्यांचा फोन धरायचा प्रकार असा की स्क्रीनवर फक्त कान आणि मागचं आकाश. म्हणाले, "बाय, त्या कप्तानाशी माझा बोलना करून दे."

आता नाना मराठीत, मी इंग्लिशमध्ये, आमची कोऑर्डिनेटर तिकडच्या भाषेत, आणि मग उत्तर त्याच रस्त्याने उलट. कॅप्टन पन्नाशी ओलांडलेला, सुलावेसीकडचा, पायात चप्पल नाही, हातात काचेच्या ग्लासातली काळी कॉफी, आणि सकाळपासून एवढा आरडाओरडा होऊनही त्याने आवाज चढवलेला नव्हता. नानांनी आधी विचारलं वारा कधीपासून बदललाय. काल संध्याकाळपासून. मग विचारलं खिंडीत पाणी कुठल्या बाजूला धावतंय. यावर कॅप्टनने कॉफी खाली ठेवली, टेबलावरच्या ओल्यात बोट बुडवून लाकडावर दोन बेटं काढली, मधून एक रेघ पाण्याची, समोरून एक रेघ वाऱ्याची, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे तळहात उभा केला. नानांनी माझ्या भाषांतराची वाटच बघितली नाही, नुसतं हं म्हणाले.

मग त्यांनी जे विचारलं ते मला इतकी वर्षं या धंद्यात असून कधी सुचलं नव्हतं. "मच्छीवाले गेलेत का?"

मी विचारलं, तिने विचारलं, आणि कॅप्टन पहिल्यांदा हसला. त्याने दादांच्या हातातला फोन घेतला आणि कॅमेरा मागच्या बाजूला वळवला. गावाच्या कडेला मासेमारीच्या बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या, ओळीच्या ओळी, एकावर जाळी वाळत टाकलेली, पोरं बसून पत्ते खेळतायत. पहाटे दोन बोटी गेल्या होत्या म्हणाला, त्याही परत आल्या. त्यांना शाहबंदरच्या नोटिशीची गरज नव्हती.

नाना मुलाकडे वळले ते मला ऐकू आलं. "ज्याचा पोट त्याच्यावर हाय तो नाय गेला, तू कनाला जातंस?" आणि मेहुण्यांना काही बोलले नाहीत, जावई ना शेवटी, पण ते पण नंतर स्पीडबोटीचं काढेनात. आमच्या कोळी-आगरी घरांत सासऱ्याने जावयाला न बोलता बोलायची एक वेगळीच पद्धत असते, ती व्हिडिओ कॉलवर पण पोचते.

इथून पुढे माझं खरं काम सुरू झालं, म्हणजे भांडणं. बोटीच्या कंपनीचा नियम, हवामानामुळे रूट बदलला तर रिफंड नाही. मी म्हटलं रूट बदलला नाही, बोट हललीच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुपारपर्यंत ईमेल चालू. शेवटी एवढं पदरात पडलं की बोटीवर राहायचं, खायचं प्यायचं सगळं चालू, गुहा बघायला गाडी त्यांची, न वापरलेल्या दिवसाचं क्रेडिट एक वर्ष, आणि पार्कची तिकिटं परत करायचा प्रयत्न. परतीचं बालीचं विमान एक दिवस पुढे ढकललं, फरक क्लायंटने द्यायचा, तो त्यांनी कुरकुरत का होईना दिला. आमच्या सरांनी मध्येच येऊन विचारलं काय चाललंय सकाळपासून, मी म्हटलं बोट बंदरात आहे, ते म्हणाले मग चांगलंय ना, आणि गेले.

ते लोक बातू चेर्मिनच्या गुहेत जाऊन आले. संध्याकाळी नानी आणि सून गावातल्या मासळी बाजारातून हवे तसे मासे निवडून घेऊन आल्या आणि नानींनी बोटीच्या कुकला बाजूला केलं. तो बिचारा टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि फ्राइड राइसच्या तयारीत होता. मला फोटो आला, पिनिसीच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये कढई, त्यात लाल कालवण, आणि कुक मसाल्याच्या डब्यात नाक घालून उभा. नानींचा व्हॉइस मेसेज, चिंच नव्हती, त्याने कसलंतरी आंबट फळ दिलं, बरं लागलं. आणि नाना? ते म्हणे दिवसभर बोटीच्या पोटात उतरून फळ्या बघत होते. कॅप्टनने त्यांना खुणांनी सांगितलं की तिकडे आधी बाहेरच्या फळ्या जोडत जातात, लाकडी खुंट्या ठोकून, आणि आतल्या फासळ्या नंतर बसवतात. नानांना हे उलटं वाटलं आणि ते संध्याकाळपर्यंत मान हलवत होते, मला पण फोन करून सांगितलं, जसं काही मी उद्या बोट बांधायला घेणार आहे.

दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या बेटांपुरती परवानगी मिळाली, पादार नाही. रिंचाला जाऊन ड्रॅगन बघितले, संध्याकाळी कालोंगच्या बेटाजवळ नांगर टाकून ती हजारो वटवाघळं उडताना बघितली, आणि कॅप्टनने स्वतःहून, कोणी न सांगता, दहा मिनिटं शिडं उभारली. मुलांनी व्हिडिओ काढला. दादांनी परत आल्यावर आमच्या पेजवर तीन स्टार दिले आणि खाली लिहिलं, क्रू उत्तम, हवामान खराब. हवामानाचे दोन स्टार आमचे कापले, असो.

क्रेडिटची मुदत चालू आहे, मे महिन्याचं विचारतायत. पार्कची तिकिटं परत झाली. मेहुण्यांच्या ड्रोन परमिटचे पैसे मात्र आलेले नाहीत, ड्रोन उडवायचा होता पादारवर आणि पादार झालंच नाही, आणि तिकडचं ऑफिस म्हणतं परमिट दिलं होतं, तुम्ही उडवला नाहीत त्याला आम्ही काय करणार. मेहुणे दर सोमवारी सकाळी मला फोन करतात.